मॅन्युअल की ऑटोमॅटिक : गर्दीतली स्पोर्ट्स कार

पेट्रोल इंजिनाला शून्यापासून सुरुवात करता येत नाही. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली ते गेले, की गचके देत बंद पडते. चाकांना मात्र थांबलेल्या स्थितीतूनच निघायचे असते. फिरते इंजिन आणि थांबलेली चाके यांची गाठ घालून देणारे काहीतरी मध्ये लागते, आणि ते काय आहे यावर गर्दीत गाडी किती सुसह्य होईल हे ठरते. गिअर किती आहेत आणि ते किती चटकन पडतात, या गोष्टी मोकळ्या रस्त्यावरच्या. सिग्नल ते सिग्नल असा प्रवास असेल, तर चालण्याच्या वेगाखाली जे घासावे-घसरावे लागते ते काम कोण करते आणि त्यातून निघणारी उष्णता कुठे जाते, हे आधी पाहावे लागते.

मॅन्युअल गाडीत ही गाठ क्लच घालतो. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर क्लच प्लेट स्प्रिंगच्या जोराने दाबून धरलेली असते. पेडल दाबले की दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते; पेडल अर्धे सोडले की प्लेट फ्लायव्हीलवर घासत घासत चाकांना ओढू लागते. यालाच चालकांच्या बोलीत हाफ क्लच म्हणतात. इंजिन आणि चाके यांचा वेग जुळला की घासणे थांबते आणि गाडी पूर्णपणे गिअरमध्ये येते. हा वेग नेमका किती, हे एका गाडीवरून काढून पाहता येते.

माझ्दाची एमएक्स-५ ही १९८९ पासून बनत आलेली दोन आसनी जपानी गाडी. भारतात ती अधिकृतपणे विकली जात नाही, पण साध्या, हलक्या स्पोर्ट्स कारचा नमुना म्हणून जगभर तिचेच नाव पुढे केले जाते. तिच्या चौथ्या पिढीतल्या सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर ५.०८७ आणि मागच्या डिफरन्शियलचे २.८६६ आहे. म्हणजे इंजिनाचे साधारण साडेचौदा फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो. चाकाचा घेर सुमारे १.९३ मीटर. इंजिन ८०० फेऱ्यांवर नुसते घुमत असेल आणि क्लच पूर्ण सोडलेला असेल, तर गाडी ताशी जवळजवळ साडेसहा किलोमीटरने चालते. दुसऱ्या गिअरमध्ये हाच आकडा पावणेअकरावर जातो.

माणूस ताशी पाचच्या आसपास चालतो. पुढची रांग त्याहून हळू सरकत असेल, तर मॅन्युअल चालकापुढे दोनच वाटा उरतात : हाफ क्लचवर गाडी खेळवायची, किंवा थांबायचे आणि फट पडली की पुन्हा निघायचे. टॉमटॉमच्या २०२४ च्या वाहतूक अहवालात पुण्यात १० किलोमीटर कापायला सरासरी ३३ मिनिटांहून अधिक वेळ लागत असल्याची नोंद आहे. हा वेग ताशी १८ किलोमीटर पडतो. एमएक्स-५ साठी हा वेग मोठा अडचणीचा : पहिल्या गिअरमध्ये इंजिन सव्वादोन हजारांवर ओरडते आणि दुसऱ्यात जेमतेम तेराशेवर कुंथते. आणि ही झाली सरासरी. तिच्या पोटात पूर्ण थांबणे, चाळीसपर्यंत पळणे आणि पुन्हा थांबणे, असे सगळे असते.

प्रत्येक वेळी गाडी निघताना तिला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, साधारण तेवढीच उष्णता क्लचमध्ये निर्माण होते. चालकासह साडेअकराशे किलोची गाडी ताशी साडेसहाला नेण्यात ही उष्णता दोन हजार ज्यूलच्याही आतच राहते. एवढ्याने क्लचचे काही बिघडत नाही; सपाट रस्त्यावर शेकडो वेळा थांबून निघाले तरी तो निमूट सोसतो. खरा घात चढावर होतो. शंभर मीटरला आठ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ब्रेक न दाबता गाडी हाफ क्लचवर तोलून धरली आणि इंजिन हजार फेऱ्यांवर ठेवले, तर क्लचमध्ये सुमारे दोन किलोवॅट उष्णता सतत तयार होत राहते. घरातल्या गिझरची कॉइल साधारण एवढीच तापते, फरक इतकाच की तिच्याभोवती पाणी असते आणि क्लच प्लेटभोवती बंद डब्यातली हवा. अर्धा मिनिट गाडी अशी धरली, की सपाट रस्त्यावर तीसेक वेळा निघण्याइतका मार प्लेटने एका दमात खाल्लेला असतो. शनिवारी सकाळी मुंबईकडून खंडाळ्याचा घाट चढताना रांग तुंबली, की जळक्या क्लचचा करपट वास येतो तो यामुळेच. हँडब्रेक लावून थांबणारा आणि हाफ क्लचवर थांबणारा, या दोन चालकांच्या क्लच प्लेटच्या आयुष्यात काही पटींचा फरक पडतो. गाडीच्या किमतीचा त्याच्याशी संबंध नाही.

इथपर्यंतचे सारे कोणत्याही मॅन्युअल हॅचबॅकला लागू आहे. स्पोर्ट्स कारमध्ये त्यात आणखी तीन अडचणी भरीला पडतात. पहिली, ताकदवान इंजिनाचा टॉर्क घसरू न देता पेलायचा तर प्लेट जास्त जोराने दाबून धरावी लागते, म्हणजे स्प्रिंग कडक आणि पेडल जड. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या लॅम्बोर्गिनी काउंटाचसारख्या गाड्यांचा क्लच यासाठी कुप्रसिद्ध होता. हायड्रॉलिक यंत्रणा आणि दोन प्लेटांचे क्लच आल्यावर हा भार बराच उतरला. आजची मॅन्युअल स्पोर्ट्स कार पायाला पूर्वीइतकी छळत नाही. दुसरी, इंजिनाचे फेरे चटकन चढावेत-उतरावेत म्हणून फ्लायव्हील हलके केलेले असते. जड फ्लायव्हील निघताना आपल्या जडत्वाने इंजिनाला सावरून घेते, हलके घेत नाही. त्यामुळे पायाचा अंदाज किंचित चुकला तरी गाडी बंद पडते आणि मागे हॉर्नचा गजर सुरू होतो.

तिसरी अडचण लांब गिअरची, आणि विकत घेताना तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. पोर्शच्या २०१९ मध्ये आलेल्या ७१८ केमन जीटी४ या मॅन्युअल गाडीचा दुसरा गिअर ताशी १३० किलोमीटरच्या पुढे जातो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची मोटारींसाठीची कमाल मर्यादा १०० आहे. म्हणजे ही गाडी कायद्यात राहून चालवायची, तर उरलेले चार गिअर फक्त इंधन वाचवायला. गिअर वरच्या टोकाला जितका लांब, तितकाच तो खालच्या टोकालाही वेगवान असतो. जो पहिला गिअर ताशी ऐंशीपर्यंत ओढतो, तो इंजिन नुसते घुमत असतानाही सात किलोमीटरच्या खाली येत नाही, आणि गर्दीत हाफ क्लच तितकाच जास्त वापरावा लागतो. कागदावर सहा गिअर दिसणाऱ्या दोन गाड्या गर्दीत म्हणूनच अगदी वेगळ्या वागतात.

पाश्चात्त्य चालकांना यावर दिला जाणारा नेहमीचा सल्ला असा, की पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर सोडावे आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून संथपणे सरकत राहावे. लॉस एंजेलिसच्या फ्रीवेवर तो उपयोगी पडत असेल. पुण्या-मुंबईत सोडलेल्या अंतरात आधी दोन दुचाक्या आणि मग एक रिक्षा येऊन बसते.

ऑटोमॅटिक म्हणून जे विकले जाते ते एकच यंत्र नाही, आणि निवडीतला बराच गोंधळ इथेच होतो. सर्वांत जुने आणि गर्दीसाठी सर्वांत सोशिक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. जर्मन अभियंता हर्मन फॉटिंगर याने १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. वेगाने फिरणाऱ्या वाफेच्या टर्बाइनची गाठ संथ फिरणाऱ्या पंख्याशी घालायची होती. बंद कवचात तेल असते. इंजिनाला जोडलेला पंखा ते तेल गिअरबॉक्सला जोडलेल्या दुसऱ्या पंख्यावर फेकतो आणि त्याला फिरवतो. दोहोंमधला तिसरा, स्टेटर, परतणाऱ्या तेलाला वळण देतो, आणि त्यामुळे गाडी निघताना टॉर्क दुपटीच्या आसपास वाढतो. इथे घासणारी प्लेट नाही. घसरते ते तेल, तापते तेही तेल, आणि ते कूलरमधून फिरून गार होते. पायाने ब्रेक सैल केला की गाडी आपोआप हळूच पुढे सरकते, दाबला की थांबते. चार इंच पुढे जायचे असेल तर चार इंचच जाते.

जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबीलमध्ये हायड्रा-मॅटिक हा पहिला मोठ्या प्रमाणावर बनलेला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. त्यात टॉर्क न वाढवणारी साधी तेलजोड होती; खरा टॉर्क कन्व्हर्टर १९४८ च्या ब्युइकमध्ये आला. पण पुढची कित्येक दशके या जातीवर सुस्तपणाचा शिक्का बसला तो विनाकारण नव्हता. गिअर तीन किंवा चार, कन्व्हर्टर धावत्या गाडीतही घसरत राहायचा आणि ऍक्सिलरेटर दाबल्यावर गाडीने मनावर घ्यायला वेळ लागायचा. कन्व्हर्टरला थेट जोडून टाकणारा लॉक-अप क्लच आणि गिअरची वाढलेली संख्या यांनी चित्र पालटले. झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा ८एचपी २००९ मध्ये आला; तो गाडी निघाली की लवकरच कन्व्हर्टर बांधून टाकतो, आणि मग आवाजावरून किंवा धक्क्यावरून त्याला जुन्या ऑटोमॅटिकचा भाऊबंद म्हणणे अवघड जाते. बीएमडब्ल्यूने आपली एम५ दुहेरी क्लचवरून २०१७ मध्ये टॉर्क कन्व्हर्टरवर आणली. ज्यांचा सारा नावलौकिक वेगावर आहे त्यांनी हे केले, यातच जुन्या आक्षेपाचे उत्तर आहे.

दुसरी जात म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्स तोच, पण क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्राचे हात. फेरारीने १९८९ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये स्टीअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलण्याची पद्धत आणली आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमधली पहिलीच शर्यत त्या गाडीत जिंकली. १९९७ मध्ये हीच कल्पना एफ३५५ या रस्त्यावरच्या फेरारीत उतरली. शर्यतीत जे सोने ठरले ते सिग्नलवर माती झाले. पूर्ण ऍक्सिलरेटर दाबून गिअर बदलताना ही यंत्रणा चोख, पण पार्किंगमध्ये हातभर पुढे सरकायचे तर चालकाच्या मनात काय आहे ते तिला कळत नाही. क्लच एकच, तोही कोरडा. गिअर बदलताना ताकद तुटते आणि प्रवासी मान डोलावतात. त्या यंत्रणेमागे मॅग्नेटी मारेली ही इटालियन कंपनी होती, आणि २०१४ मध्ये मारुती सेलेरिओमधून भारतात आलेला एएमटीही तिचाच. कोट्यवधींची फेरारी आणि पाच-सहा लाखांची सेलेरिओ गर्दीत एकाच लकबीने अडखळतात, ती या रक्ताच्या नात्यामुळे. जुनी स्पोर्ट्स कार ऑटोमॅटिक आहे म्हणून गर्दीसाठी घ्यायची असेल, तर ती या जातीची नाही ना, हे पहिल्यांदा पाहावे.

तिसरी जात दुहेरी क्लचची. एका दांड्यावर १, ३, ५ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६, आणि प्रत्येक दांड्याला आपला क्लच. एक गिअर चालू असताना पुढचा आधीच पाडून ठेवलेला असतो. बदल म्हणजे एक क्लच सोडणे आणि त्याच क्षणी दुसरा धरणे. फ्रान्सच्या अडॉल्फ केग्रेसने ही कल्पना दुसऱ्या महायुद्धाआधी मांडली होती, पण हे क्लच अचूक हाताळणारे इलेक्ट्रॉनिक्स यायला ऐंशीचे दशक उजाडले. पोर्शने ते तेव्हा शर्यतीच्या गाड्यांत वापरून पाहिले, फोक्सवॅगनने २००३ मध्ये गोल्फ आर३२ मधून विक्रीला आणले आणि २००८ मध्ये पीडीके या नावाने ते पोर्श ९११ मध्ये बसले.

मोकळ्या रस्त्यावर याला तोड नाही. गर्दीत मात्र त्याच्या हुशारीला वाव राहत नाही. पुढचा गिअर कोणता लागेल हे ओळखण्यावर त्याचा सारा डोलारा, आणि तुंबलेल्या रांगेत ते ओळखणे कुणालाच जमत नाही : दुसरा तयार ठेवावा तर चालक ब्रेक दाबतो, पहिला धरावा तर फट पडते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हळू सरकणे हे इथेही हाफ क्लचच आहे, फक्त पाय संगणकाचा आहे. क्लच तेलात बुडालेले असतील तर उष्णता वाहून जाते. कोरडे असतील तर साठत जाते आणि काही वेळाने डॅशबोर्डवर तापल्याचा इशारा येतो. बहुतेक ताकदवान स्पोर्ट्स कारमध्ये ओला क्लच असतो, कोरडा हा लहान इंजिनांच्या स्पोर्टी म्हणवणाऱ्या गाड्यांत जास्त आढळतो. चढावर ब्रेकऐवजी ऍक्सिलरेटरने गाडी धरून ठेवण्याची सवय दोन्ही प्रकारांना घातक. मॅन्युअलमध्ये निदान नाकाला वास येऊन चूक कळते, इथे ती कळायला इशारा यावा लागतो.

पाय मोकळा आणि हात कामाला, अशी एक मधली वाटही निघाली होती. पोर्शने १९६७ मध्ये ९११ साठी स्पोर्टोमॅटिक आणला : चार गिअर हाताने टाकायचे, क्लच पेडल नाही. गिअरच्या दांड्याला हात लागला की त्यातला स्विच निर्वाताच्या जोरावर क्लच सोडवायचा, आणि मध्ये टॉर्क कन्व्हर्टरही असल्यामुळे सिग्नलला गिअर न काढता ब्रेकवर थांबता यायचे. हे यंत्र शहरातल्या आरामासाठी होते. तरी त्याच वर्षी न्युर्बुर्गरिंगवरची ८४ तासांची मॅरेथॉन स्पोर्टोमॅटिक बसवलेल्या पोर्शनेच जिंकली. गिऱ्हाइकांनी मात्र त्याला फारसे डोक्यावर घेतले नाही. जवळजवळ हीच कल्पना, कन्व्हर्टर वगळून, ह्युंदाईने २०२० मध्ये आयएमटी या नावाने भारतात आणली आणि पुढे आय२० एन लाइनमध्येही दिली. २०२३ मध्ये त्या गाडीला पुन्हा तीन पेडलांचा मॅन्युअल मिळाला. ज्यांना क्लच नको त्यांना गिअरही नको असतो आणि ज्यांना गिअर हवा त्यांना क्लचही हवा असतो, असे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

मॅन्युअल वेगवान आणि ऑटोमॅटिक संथ, हे समीकरण आता उलटले आहे. वर उल्लेखलेल्या केमन जीटी४ ला पुढच्या वर्षी पीडीकेचा पर्याय मिळाला, तेव्हा कंपनीने दिलेला शून्य ते शंभरचा वेळ मॅन्युअलच्या ४.४ सेकंदांवरून ३.९ वर आला. शेव्हरलेची आठव्या पिढीतली कॉर्व्हेट फक्त दुहेरी क्लचवर मिळते. याउलट ९११ जीटी३ मध्ये २०१३ साली मॅन्युअल काढून टाकला होता, तो गिऱ्हाइकांच्या आग्रहावरून २०१७ मध्ये परत द्यावा लागला. टोयोटा सुप्रा २०१९ मध्ये फक्त ऑटोमॅटिकवर आली आणि तीन वर्षांनी तिला मॅन्युअल मिळाला. हे मागणारे लोक सेकंद मोजत नव्हते. वळणाआधी ब्रेक दाबता दाबता टाचेने ऍक्सिलरेटरला धक्का द्यायचा, फेरे जुळवायचे आणि गिअर आवाज न करता खाली पाडायचा, यात त्यांना रस आहे. हा रस तिसऱ्या-चौथ्या गिअरचा, ताम्हिणीच्या किंवा आंबोलीच्या वळणांवरचा. पहिल्या-दुसऱ्यात त्यातले काहीच हाती लागत नाही. ताशी वीसच्या खाली मॅन्युअल स्पोर्ट्स कारचा चालक आणि मॅन्युअल टेम्पोचा चालक एकच काम करत असतात.

म्हणून निर्णय आठवडा कसा जातो यावर घ्यावा. घरात दुसरी गाडी आहे, स्पोर्ट्स कार रविवारी पहाटे बाहेर पडते आणि गर्दी लागते ती परतीच्या शेवटच्या तासाभरात, अशांनी मॅन्युअलला घाबरण्याचे कारण नाही. भारतात २०२३ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू एम२ साठीही मॅन्युअल मागवता येत होता. असे पर्याय आता मोजकेच आहेत. मात्र तीच गाडी रोज कचेरीला न्यायची असेल, तर टॉर्क कन्व्हर्टर आधी, ओला दुहेरी क्लच त्याच्या मागोमाग, आणि हलक्या पेडलाचा, आखूड पहिल्या गिअरचा मॅन्युअल तिसरा, असा क्रम धरावा. रांगेत थांबून स्वतः पुन्हा निघणारा ऍडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलही पहिल्या दोघांबरोबरच मिळतो. मॅन्युअलमध्ये क्लच दाबायला माणूस लागतोच.

आपल्याकडे आणखी एक परीक्षा असते, गतिरोधकाची. जेमतेम सव्वाशे मिलिमीटर उंचीवरची गाडी त्यावरून तिरकी न्यावी लागते, एकेक चाक चढवत आणि उतरवत, पोट घासते का याचा कानोसा घेत. चारही चाकांच्या या चढउतारात गाडीचा वेग ताशी दोन-तीन किलोमीटरवर ठेवायचा असतो. टॉर्क कन्व्हर्टरवर हे फक्त ब्रेकच्या पायाने होते. मॅन्युअलमध्ये डावा पाय हाफ क्लचवर थरथरत असतो आणि उजवा ब्रेक आणि ऍक्सिलरेटर यांच्यात येरझाऱ्या घालतो. सोसायटीच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत असे किती गतिरोधक आहेत, हे गाडी पाहायला जाण्याआधी मोजून ठेवावे.

चाचणीसाठी शोरूम सकाळी अकराचा मोकळा रस्ता सुचवतात. मागावी ती संध्याकाळी साडेसहाची वेळ आणि वाटेत एखादा चढाचा पूल. मॅन्युअल असेल तर गाडी उभी असतानाच पेडल वीस-पंचवीस वेळा दाबून पाहावे. गुडघ्याला ताण येतो का, सीटची कड मांडीखाली रुतते का, क्लच सोडल्यावर डावा पाय टेकवायला जागा आहे का, हे तेवढ्यात कळते. उजव्या स्टीअरिंगच्या काही स्पोर्ट्स कारमध्ये पेडल एका बाजूला सरकलेली असतात आणि पाय टेकवायची जागा नावापुरती असते. मग पाय क्लचवरच विसावतो आणि रिलीज बेअरिंग वेळेआधी जाते. दुहेरी क्लच असेल तर रांगेत चालण्याच्या वेगाने सरकवत न्यावी आणि पहिल्या-दुसऱ्यात ती किती वेळा गोंधळते ते पाहावे.

वापरलेली गाडी घेताना गर्दीत काढलेली वर्षे किलोमीटरच्या काट्यावर दिसत नाहीत, क्लचमध्ये दिसतात. एका क्लचच्या जुन्या ऑटोमेटेड फेरारीत क्लच किती झिजला हे निदानयंत्र जोडून टक्केवारीत वाचता येते. ते वाचल्याशिवाय सौदा करू नये. त्या पिढीतल्या मॅन्युअल फेरारींना आज त्यांच्या ऑटोमेटेड जुळ्या बहिणींपेक्षा चांगलीच जास्त किंमत येते, त्याचे एक कारण हेही आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत गिअरबॉक्सचे तेल कधी बदलले ते विचारावे, आणि ते कधीच बदलावे लागत नाही असे उत्तर आल्यास ते उत्तर किमतीतून वजा करावे. मॅन्युअलची परीक्षा कोणत्याही यंत्राविना होते : सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी चाळीसला वरचा गिअर टाकावा आणि ऍक्सिलरेटर पूर्ण दाबावा. फेरे आणि वेग बरोबरीने चढले तर प्लेट ठीक. काटा उसळला आणि गाडी होती तिथेच राहिली, तर नव्या क्लचचा खर्च आलाच.